हलका क्लच

सांगलीत कॉलेज कॉर्नरला पोलिसाने हात आडवा केला, तेव्हा नाथाजी गिऱ्हाइकाची गाडी तपासायला म्हणून चक्कर मारत होता. गाडी थांबली. त्याने पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला, ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, आणि क्लच दाबलेला असतानाच गाडी वीतभर पुढे सरकली. पुढून मेथीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. बंपर तिच्या लुगड्याला लागला, पायाला नाही. पाटी डगमगली, दोन जुड्या रस्त्यावर पडल्या. बाईने मोकळ्या हाताने बॉनेटवर सणसणीत थापड मारली. "आवं, डोळं फुटलं का काय? म्होरलं मानूस दिसत न्हाई व्हय?" नाथाजीने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "पाय सुटला, मावशी. चुकलं." बाईने जुड्या उचलल्या, आणखी दोन शब्द हासडले आणि ती गेली. पोलिसाने हात खाली घेतला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. एवढंच झालं. सांगलीत असं दिवसाला शंभर वेळा होत असेल.

पण पाय सुटला नव्हता. पाय पेडलवर होता आणि पेडल तळाला टेकलेलं होतं. गाडी सरकली ती क्लच पुरता सुटत नव्हता म्हणून; आणि हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच तक्रारीसाठी गाडी त्याच्याकडे आली होती. 'गाडीत दोष हाय, मावशी' म्हणायला काय हरकत होती? ती काही त्याला खोदून विचारणार नव्हती. पण त्याच्या तोंडून आलं ते हे. विचार करायच्या आधी आलं, तयार ठेवल्यासारखं आलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. कानशिलं तापली होती. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, सोळा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केलेला, हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि भाजीवालीसमोर खोटं बोलून लाजेने लालबुंद. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. नाथाजीला मात्र तीन वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा आवाज बाहेरून ऐकल्यासारखा वाटला. हेच दोन शब्द, ह्याच आवाजात, त्याने साताऱ्याला खांबेट्यांच्या दारात काढले होते. तेव्हा फक्त पाय दुसऱ्याचा होता.

खांबेट्यांचा मुकुल म्हणजे गाड्यांचं वेड लागलेला पोरगा. बाप हरीभाऊ जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कडक, घड्याळाच्या काट्यावर चालणारे. आई शकुंतलाबाई कन्याशाळेत गणित शिकवायच्या, सगळा सदर बझार त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. अशा घरात हे पोरगं काळी काँटेसा घेऊन आलं, जुनीच, आणि तिला डोंगर पळत चढायला शिकवायचं मनावर घेतलं. तेव्हा पुण्याकडची हौशी पोरं यवतेश्वराच्या घाटात शर्यत भरवणार असल्याची बोलवा होती. इंजिन मुकुलने स्वतः खपून जोरदार केलं होतं. ते इतकं तापट झालं होतं, की उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरला सतत टोचत राहिलं नाही तर बंद पडायचं. उरला गिअरबॉक्स. जुना चार गिअरचा काढून पाच गिअरचा बसवायचा होता. मुकुलने मुंबईहून भंगारातून एक परदेशी बॉक्स पैदा केला आणि पोत्यात गुंडाळून नाथाजीच्या गॅरेजात आणून टाकला. तेव्हा नाथाजीचं गॅरेज साताऱ्यात पोवई नाक्याजवळ होतं. "मेस्त्री," पोत्याची गाठ सोडत तो म्हणाला, "हे काम साताऱ्यात तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." खरं सांगायचं तर नाथाजीलाही तसंच वाटत होतं. हाच तो घोटाळा. माणसाला आपल्याविषयी जे आधीच वाटत असतं ते दुसऱ्याने म्हटलं, की त्याचं डोकं चालेनासं होतं.

महिनाभर ते काम चाललं, आणि त्या महिन्याइतका आनंद नाथाजीला नंतर झाला नाही. बॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायची जाड पट्टी लेथवाल्या कोंडीबाने कातून दिली. गिअरचा दांडा नव्या जागी आणायला गाडीची जमीन कापली, पुन्हा सांधली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा चार बोटं छोटा केला. सगळं सूतभर इकडेतिकडे न होता बसलं. राहिला क्लच. तो तेलाच्या दाबावर चालणारा. पायाखाली एक वरचा सिलिंडर, बॉक्सजवळ एक खालचा. पायाने वरच्यातलं तेल ढकलायचं, त्या तेलाने खालच्याचा दट्ट्या पुढे सारायचा, दट्ट्याने क्लच सोडवायचा. सरळ हिशेब. खालचा सिलिंडर बॉक्सबरोबर आला होता, आठ सुतांचा, म्हणजे आतून चांगला इंचभर रुंद. वरचा मात्र आला नव्हता. गाडीचा मूळचा झिजलेला होता, म्हणून नाथाजीने गॅरेजात पडलेला एक वरचा सिलिंडर बसवला. तो पाच सुतांचा. कोंडीबा बसवलेली पट्टी बघायला आला होता, त्याने खाली वाकून दोन्ही पाहिले आणि विडी कानामागे खोचत म्हणाला, "नाथाजी, वरचा लय बारीक पडतोय, गड्या. ह्यातनं जाऊन जाऊन किती त्याल जानार? खालचा हलंल, पर पुरता हलनार न्हाई." नाथाजी म्हणाला, "बघू." मग म्हणाला, "दसरा तोंडावर आलाय, कोंडीबा. जोडीतला वरचा मुंबईस्नं यायला पंधरा दीस लागतील." कोंडीबा म्हणाला, "मग पंधरा दिसांनी द्यायची."

पंधरा दिवसांनी द्यायची, हे इतकं सोपं होतं. पण हरीभाऊंनी पंचांग पाहून दसऱ्याची वेळ काढली होती, नऊ बावन्नच्या आत गाडीची पूजा व्हायला हवी, पाहुण्यांना सांगून झालं होतं. आणि नाथाजीने चारचौघांत छातीवर हात मारून सांगितलं होतं, की दसऱ्याला गाडी दारात उभी करतो. तेव्हा त्याने काय केलं, तर पेडलपासून सिलिंडरपर्यंतचा दांडा आटे संपेपर्यंत फिरवून लांब केला. आता क्लच सुटत होता. पण कधी, तर पेडल पार तळाला, लोखंडाला लोखंड टेकलं म्हणजे. शेवटच्या चार सुतांत. त्याच्या अलीकडे पाय राहिला तर सुटत नव्हता. ह्यात एक गंमत अशी, की वरचा सिलिंडर जितका बारीक तितका पाय हलका पडतो. मुकुल पहिल्यांदा गाडीत बसला, त्याने पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं आणि तो लहान मुलासारखा ओरडला, "मेस्त्री, काय हलका क्लच केलाय हो! लोणी!" जो दोष होता त्याचीच वाहवा झाली. नाथाजीने तेव्हा सांगायचं, की बाबा, हलका आहे तेच चुकतंय. तो हसला. बनियनला हात पुसत म्हणाला, "फौजेतला हात हाय, मुकुलराव." हे वाक्य आठवलं की नाथाजीला आजही कुठे तोंड लपवावं कळत नसे, बायकोशी बोलताना, चहा पिताना, अंघोळीचं पाणी अंगावर घेताना ते मध्येच वर यायचं, आणि तो एकटाच 'छ्या' म्हणायचा. अंजना विचारायची, काय वो? तो म्हणायचा, काही नाही, हात भाजला.

भाजीवाली भेटली त्या दिवशीही तो गिऱ्हाइकाची गाडी गॅरेजात लावून दुपारी जेवायला घरी गेला आणि ताटावर नुसता बसून राहिला. अंजनाने भाकरी वाढली, ती तशीच राहिली. "आवं, जीव कुटं हाय तुमचा?" ती म्हणाली. "साताऱ्याला," तो बोलून गेला. अंजना थांबली. साताऱ्याचं चाललेलं गॅरेज तीन वर्षांपूर्वी एकाएकी बंद करून सांगलीला का आलो, हे तिने एकदाच विचारलं होतं. तिकडे धंदा बसला, असं त्याने सांगितलं होतं. धंदा बसला नव्हता, हे तिलाही दिसत होतं. तिने फिरून विचारलं नाही, एवढंच. आज मात्र ती पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "तितं काय राहिलं असंल तर जाऊन या एकदाचं. तीन वर्सं झाली, जेवताना तुमी हितं नसताच." नाथाजीला वाटलं, हिला सांगावं. तोंड उघडलंही त्याने. पण ज्यांना सांगायचं त्यांतली ही नव्हे, असं मनाशी म्हणून तो पाणी प्यायला. ही पळवाट होती, हेही त्याला कळलं. हल्ली त्याला स्वतःच्या पळवाटा लगेच ओळखू येत, पण ओळखल्या म्हणून त्या बंद होत नसत.

तासाभराने तो साताऱ्याच्या एसटीत बसलेला होता, अंगावर गॅरेजातलाच शर्ट. इस्लामपूर गेलं, कऱ्हाड गेलं. मार्गशीर्षातलं ऊन खिडकीतून मांडीवर पडत होतं, उसाच्या बैलगाड्यांमागे एसटी मध्येच रखडत होती. गाडी थांबली, की त्याला दसऱ्याची सकाळ दिसायची आणि चालू लागली, की मिरजेचा दवाखाना. दसऱ्याची सकाळ पुष्कळदा पाहून गुळगुळीत झाली होती. दारात काँटेसा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, पुढच्या चाकांखाली लिंबं. पोर्चच्या दगडी पायरीकडे गाडीचं तोंड. पाचपंचवीस माणसं. मुकुल आत बसलेला, नवा सदरा. आणि त्याच्या पायाखाली नवी कोरी, जाडजूड काथ्याची चटई. ती कुणी घातली, कधी घातली, देव जाणे. सणाला म्हणून कुणीतरी हौसेने आणली असणार. नाथाजीने ती पाहिली. पाहिल्याबरोबर त्याच्या मनात आकडा आला: चार सूत. म्हणजे जेवढ्यात क्लच सुटतो तेवढं सगळं ह्या चटईने खाल्लं. त्याने पुढे होऊन चटई ओढून काढायची होती. दोन पावलांवर तर तो उभा होता. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का हो मेस्त्री? हरीभाऊंनी तर विचारलंच असतं. आणि मग पाचपंचवीस माणसांदेखत सांगावं लागलं असतं, की माझ्या कामात अर्ध्या इंचाची खोट आहे. तो टोपी सारखी करत उभा राहिला. त्याला वाटलं, होईल इतकं, पूजा आटपली की हळूच काढू.

"नऊ पन्नास झाले," हरीभाऊ म्हणाले. "मुकुल, गिअर टाकून तयार राहा. ओवाळून झालं की लगेच लिंबांवरून जाऊ दे. वेळ टळायला नको." मुकुलने गिअर टाकला. आतून कर्रकन आवाज आला. तो आवाज गर्दीत कुणाला समजला असेल तर फक्त नाथाजीला, आणि तरीही तो हलला नाही. शकुंतलाबाई ताम्हन घेऊन गाडीच्या तोंडाशी, पायरीला पाठ करून उभ्या राहिल्या. दोनदा ओवाळलं. इंजिन अडखळलं, बंद पडू लागलं. मुकुलने सवयीने उजव्या पायाने ॲक्सिलरेटरला टोचलं. आणि गाडीने उडी घेतली. हात-दीड हात. लिंबं चिरडली. ताम्हन खणखणत लांब गेलं. मग बाईंचा गुडघा बंपर आणि दगड यांच्यामध्ये होता. पुढचं नाथाजीला मधूनमधूनच दिसत असे. तो धावला, दार उघडून आत वाकला, किल्ली फिरवली. कुणी बाईंना उचललं. आणि हरीभाऊ ओरडले, "काय केलंस हे? काय केलंस?" ते मुकुलला विचारत होते, का नाथाजीला, का गाडीला, ते कोण जाणे. उत्तर नाथाजीने दिलं. किल्ली हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाय सुटला, मुकुलराव, तुमचा. क्लचवरनं पाय सुटला." झालं. ज्याला गाडीतलं कळतं त्यानेच सांगितलं. एका मिनिटात ते घरभर झालं, संध्याकाळपर्यंत सदर बझारभर.

ह्यालासुद्धा माफी असू शकेल, असं नाथाजी कधीमधी स्वतःला सांगे. घाबरला माणूस, बोलून गेला. पण मिरजेला जे झालं त्याला माफी नव्हती. बाईंच्या पायाची तिथल्या दवाखान्यात दोनदा चिरफाड झाली. नाथाजी मोसंबी घेऊन पाहायला गेला होता. व्हरांड्यातल्या बाकावर मुकुल बसलेला, दाढी वाढलेली. त्याने नाथाजीला चहा आणून दिला. स्वतः घेतला नाही. मग समोरच्या भिंतीकडे पाहत त्याने अगदी सरळ विचारलं, "मेस्त्री, माझा पाय खरंच सुटला का हो? मला तसं आठवत नाहीये. मी दाबून धरला होता असं वाटतं." आसपास कुणी नव्हतं. हरीभाऊ औषधं आणायला गेलेले. विचारणारा पोरगा इतका थकला होता, की खरं ऐकून तो ओरडलाही नसता. नाथाजीच्या हातात त्याने दिलेला चहा होता. तो म्हणाला, "व्हतं असं, मुकुलराव. गाडी नवी, पायाला सवय न्हाई. मानसाला कळत बी न्हाई कवा सुटतो त्ये." मुकुलने मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली. नाथाजीने त्याच्यादेखत त्याची आठवण काढून घेतली आणि दुसरी बसवली. तेवढं काम मात्र सुबक झालं, त्यात कुठे अर्ध्या इंचाचा फरक राहिला नाही. पुढच्या महिन्यात त्याने साताऱ्याचं गॅरेज आवरलं.

उंब्रजला एसटी दहा मिनिटं थांबली. हे त्याचं गाव. स्टँडवरूनच भावाची पत्र्याची शेड दिसते. उतरावं, भावाकडे चहा घ्यावा आणि परत फिरावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तो दारापर्यंत आलासुद्धा. कंडक्टर म्हणाला, "पाव्हनं, तिकिट साताऱ्याचं हाय न्हवं?" कंडक्टरने हटकलं म्हणून तो परत जागेवर जाऊन बसला. धैर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

खांबेट्यांचं दार बाईंनीच उघडलं. केस पांढरे झालेले, बगलेत काठी, उजवा पाय सरळ, वाकत नसलेला. "नाथाजी!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला. "या, या. किती दिवसांनी. सांगलीला गेलात ते गेलातच." तो खुर्चीच्या कडेवर बसला. समोरच्या भिंतीवर हरीभाऊंचा फोटो, त्याला हार. बाईंनी त्याची नजर पाहिली. "भाद्रपदात गेले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळवायचं राहिलं. कुणाकुणाला कळवणार?" मग त्या बोलत राहिल्या, बोलायला माणूस मिळालं म्हणून. नोकरी सोडली, वर्गात उभं राहवत नाही. मुकुल एका पतपेढीत लागला, सायकलवर जातो. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली आहे, तिला हात लावत नाही, विकतही नाही. "आणि यांचा स्वभाव तुम्ही जाणता. त्या दिवसापासून मुकुलशी एक शब्द बोलले नाहीत. तीन वर्षं. मी सांगायची, अहो, माझा पाय आहे, मी राग सोडला, तुम्ही का धरता? तर म्हणायचे, चूक झाली त्याचं काही नाही, पण म्हणतो कसा, की पाय सुटला नव्हता. स्वतःचा दोष कबूल करत नाही त्याच्याशी मी काय बोलू? पुढे मुकुल कबूल करायला लागला, तर म्हणाले, आता उशीर झाला." नाथाजीला वाटलं होतं, आपण एका पोरावर आळ घातला. तो आळ एवढा लांब गेला असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बाईंच्या पलीकडे दार उघडं होतं, दाराबाहेर रस्ता, आणि सव्वासहाची सांगली एसटी अजून त्याला मिळू शकत होती.

तेवढ्यात मुकुल आला. पँटला सायकलची क्लिप. तिशीच्या आतच खांदे पडलेले. "मेस्त्री! चहा दिला का आई यांना?" नाथाजी उठला. "मुकुलराव, जरा शेडमदी येता?" शेडमध्ये ताडपत्रीखाली काँटेसा चारी चाकं बसलेली उभी होती. ताडपत्रीच्या कडेला हात ठेवून नाथाजीने सांगितलं. तीन वर्षं मनात घोटलेलं सगळं चार वाक्यांत संपलं. पाय सुटला न्हवता. क्लचच सुटत न्हवता. वरचा सिलिंडर बारीक मी बसवला, जानून बसवला. चटई मी बघितली आन् गप ऱ्हायलो. मुकुलने ऐकून घेतलं. मग तो हसला, समजूत घालणारं हसू, आणि नाथाजीच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही फार चांगले आहात हो. बाबा गेल्याचं कळलं म्हणून आलात ना? पण माझ्यासाठी खोटं बोलू नका. पाय सुटलेला मला आठवतो. झोपेतसुद्धा आठवतो. तळव्याखालून पेडल निसटतं ते अजून जाणवतं मला."

नाथाजीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. फौजेत एकदा रांगेसमोर साहेबाने पट्ट्या काढायची धमकी दिली होती, तेव्हाही नाही. शिवी मिळाली असती, थोबाडीत बसली असती तर चाललं असतं. तो त्यासाठीच आला होता. इथे त्याला चांगुलपणाचा दाखला मिळत होता. "पाना द्या," तो म्हणाला. "मेस्त्री, जाऊ द्या ना." "पाना द्या, मुकुलराव. बारा-चौदाचा." त्याने ताडपत्री ओढून काढली. पेडलला हात लावला, तर ते निर्जीवपणे तळाला गेलं. तेल कधीच झिरपून गेलं होतं. वरचा सिलिंडर निघाला. खालच्यासाठी तो बसलेल्या गाडीखाली उताणा सरकला, नटावरचा गंज त्याच्या डोळ्यांत पडला, मनगट सोलवटलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि त्याने दोन्ही सिलिंडर उघडून, शर्टाच्या टोकाने आतून पुसून मुकुलच्या हातात दिले. "बोट घाला." मुकुलने खालच्यात अंगठा घातला. सहज गेला. वरच्यात घातला, तो नखापाशीच अडकला. त्याने करंगळी घातली. मग पुन्हा अंगठा. ज्याने स्वतः इंजिन बांधलं होतं त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि नाथाजी त्याच्याकडे पाहत राहिला, कारण दुसरीकडे पाहायचा त्याला आता हक्क नव्हता.

"पण मला आठवतं," मुकुल हलकेच म्हणाला. "त्ये मी सांगितलेलं आठवतंय तुमास्नी," नाथाजी म्हणाला. "मिरजंला. तुमी इचारलं व्हतं. मी खोटं बोललो."

मागे काठीचा आवाज झाला. बाई शेडच्या दाराशी उभ्या होत्या, किती वेळ ते कळलं नाही. वर्गात एखादीला उदाहरण विचारावं तशा शांत आवाजात त्यांनी विचारलं, "नाथाजी, तुम्ही किल्ली काढायला आत वाकलात. तेव्हा याचा पाय कुठे होता?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःही स्वतःला विचारायचं टाळलं होतं. त्याला दिसला तो पाय. नव्या चटईवर पेडल रुतवून धरलेला, पोटरीपर्यंत थरथरणारा. "क्लचवर व्हता, बाई," तो म्हणाला. "जीव खाऊन दाबला व्हता. गाडी बंद झाली तरी उचलला न्हवता. मी बघितला. आन् बघून मग बोललो."

मुकुल गाडीच्या उघड्या दाराच्या चौकटीवर खाली बसला. दोन्ही सिलिंडर अजून हातातच होते. त्याच्या तोंडून एकदा आवाज निघाला, रडण्याचा का कसला, आणि मग तो खाली मान घालून नुसता श्वास घेत राहिला. बाई काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उभ्या उभ्याच त्याचं डोकं पोटाशी धरलं. नाथाजी ग्रीसचे हात अंगापासून दूर धरून उभा होता. आता त्या आपल्याला निघून जायला सांगतील, असं त्याला वाटलं. सांगाव्यात, असंही वाटलं.

"श्रावणात आला असतात तरी चाललं असतं, नाथाजी," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "शेवटच्या दिवशीसुद्धा हे शुद्धीवर होते. हा चमच्यात पाणी घेऊन उभा होता, आणि यांनी तोंड फिरवलं. तुम्ही आला असतात तर घेतलं असतं त्यांनी ते पाणी."